दोन बोटं पुरेत!



सुरुवातीलाच सांगते, माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मला मेसमध्ये दोनदा गाठलं गेलं, आणि दोन्ही वेळेला शेजारच्या टेबलावर एकच वाद चालू होता. जीपला लिफ्ट किती द्यावी? उत्तरही ठरलेलं, "जितकी जास्त तितकी भारी!" आमच्या बॅचचा एक महाभाग तर म्हणाला, लिफ्टशिवाय ऑफ-रोडिंग म्हणजे तर्रीशिवाय मिसळ.

माझं मत वेगळं आहे. आणि ते मला फुकट मिळालेलं नाही.

आमच्या काकांची आंब्याची बाग साखरप्याजवळ आहे, आंबा घाट उतरलं की खाली. बागेत जायला तीन किलोमीटर कच्चा रस्ता. जांभा दगड, लाल चिखल आणि मध्ये एक पऱ्या (आमच्याकडे ओढ्याला पऱ्या म्हणतात). काकांकडे जुनी जिप्सी आहे. १९८५ साली भारतात आलेली आणि २०१९ च्या सुमारास विक्री बंद झालेली, तीच आपली सगळ्यांची लाडकी गाडी. मागे आंब्याचे क्रेट भरले की पऱ्यातून वर चढताना गाडीचा मागचा हुक काठाला घासायचा. दर खेपेला तो 'खर्रर्र' आवाज!

मी सेकंड इयरला असताना माझ्या चुलत भावाचा, म्हणजे दादाचा फोन आला. "तू मेकॅनिकलची ना? मागचं शॅकल चार इंच लांब करून घेतोय. गाडी दोन इंच वर येते म्हणतात. चालेल ना?" मी सबमिशनच्या गडबडीत होते. "चालेल की!" म्हणाले आणि फोन ठेवला.

मे महिन्यात काकूंचा फोन आला. मागे आठ क्रेट, पुढे काकांच्या शेजारी आजी, आणि पऱ्याच्या चढावर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. इंजिन चालू, पण चाकांना ताकद नाही. गाडी चार-पाच फूट मागे घरंगळली, मग ब्रेक लागला. शाफ्टचं सुटलेलं टोक खाली आपटलं. ब्रेकचा पाइप वाचला हे नशीब. कुणाला काही झालं नाही. आजी नंतर मला फक्त एवढंच म्हणाली, "तुला विचारलं होतं ना गं त्याने?"

मित्रहो, त्याच सेमिस्टरला मी टीओएमच्या पेपरात हुक्स जॉइंटचा प्रश्न पूर्ण सोडवला होता. मार्कही चांगले पडले. पण तोच जॉइंट आपल्या घरच्या गाडीखाली फिरतोय, हे डोक्यात आलंच नाही. क्रॉस जुना होता हे खरं. पण त्याच्यावर जादा ओझं टाकायला 'चालेल की' म्हणणारी मीच होते.

म्हणून आता नीट सांगते.

पहिली गोष्ट. जिप्सीला मागे पाटे आहेत, म्हणजे लीफ स्प्रिंग. पाट्याचं पुढचं टोक चॅसीला पक्कं आणि मागचं टोक शॅकलला. शॅकल १०० मिमी लांब केलं तर मधल्या ॲक्सलला साधारण निम्मीच, म्हणजे ५० मिमी उंची मिळते. पण पाट्याचं मागचं टोक मात्र १०० मिमी खाली जातं. पाट्याची लांबी ढोबळमानाने एक मीटर धरली तर तो जवळजवळ ६ अंशांनी तिरका होतो, आणि त्याला बांधलेला ॲक्सलही तेवढाच फिरतो. पिनियनचं तोंड वर! आता टीओएम आठवा. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे असतील तरच एकाचा झटका दुसरा जिरवतो. इथे तेच बिघडलं. एका जॉइंटला १० अंशाचा कोन असेल तर वेग एका फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का वर-खाली होतो. २० अंशाला तो सहा टक्के होतो. कोन दुप्पट, त्रास चौपट! दादा म्हणत होताच, "गाडी चाळीसच्या पुढे घूंऽऽ करते." ते 'घूं' म्हणजे क्रॉसची तक्रार होती. आम्ही कुणी ऐकली नाही.

दुसरी गोष्ट, जी मेसमधल्या पंडितांना कुणी सांगत नाही. जिप्सीसारख्या सलग ॲक्सलच्या गाडीला कितीही लिफ्ट द्या, डिफरन्शियलचा गोल डबा एक मिलिमीटरही वर येत नाही! तो ॲक्सलवर आहे, ॲक्सल चाकांवर आहे. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायर ठरवतो. लिफ्टने वर जाते ती बॉडी. म्हणजे मागचा हुक, पेट्रोलची टाकी, चाकावरची कमान. तेव्हा आधी विचारा, आपलं नक्की घासतंय काय? डबा घासत असेल तर लिफ्टचा उपयोग शून्य. काकांचा हुक घासत होता, म्हणून आम्हाला उपयोग होता.

तिसरी गोष्ट, तोल. जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे १३०० मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिमीवर आहे असं धरून चालू (हा शब्द मी डिक्शनरीत बघून लिहिलाय). मग कागदावर गाडी ४५ अंशाला कलंडते. पाटे ॲक्सलखालून काढून ॲक्सलवर बसवले, जो सध्या फॅशनचा उपाय आहे, तर सुमारे पाच इंच उंची मिळते. गुरुत्वमध्य समजा १०० मिमी वर गेला, तर कलंडायचा कोन ४१ अंशाच्या आसपास येतो. चार अंश म्हणजे काही नाही वाटतं. पण खऱ्या रस्त्यावर टायर दबतो, बॉडी झुकते, टपावर कुणीतरी सामान बांधतं. हे चार अंश म्हणजे आपल्या खिशातली शिल्लक असते. ती फोटोसाठी उडवायची का?

मग आम्ही काय केलं? दिवाळीच्या सुट्टीत मी, दादा आणि एक टेप. आधी लांब शॅकल काढून जुनी परत लावली. मग सपाट अंगणात गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही कोपरे मोजले. एकदा रिकामी, एकदा आठ क्रेट भरून. मग शेजारच्या गावातली एक नीट राखलेली जिप्सी मोजली. निकाल बघा : आमचे मागचे पाटे बसून बसून २५ मिमी खाली आलेले! आणि हुकावरची घासल्याची खूण मोजली तर ती दोन बोटं, म्हणजे ४० मिमी.

म्हणजे गरज ४० ची, त्यातले २५ तर नुसती दुरुस्ती. खरी लिफ्ट उरली फक्त १५ मिमी! यासाठी आम्ही चार इंचांचं शॅकल घालून आजीला पऱ्यात बसवलं होतं.

उपाय निवडतानाही मजा झाली. हॉस्टेलमधल्या एकाने सुचवलं, "पाटा आणि ॲक्सलमध्ये ठोकळा घाल." अरे बाबा, जिप्सीचा पाटा ॲक्सलच्या खाली असतो. मध्ये ठोकळा घातला तर गाडी वर नाही, खाली येईल! दुसरा म्हणाला, एक जाड पान वाढव. पण पानाचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचं पान म्हणजे एकट्या त्या पानाचा कडकपणा दीडपटीहून जास्त. रिकाम्या गाडीत आजीची कंबर गेलीच म्हणून समजा. तिसरा सल्ला, जुन्या पाट्यांना गॅसने तापवून बाक दे. तापवलं की स्प्रिंगच्या पोलादाचं हीट ट्रीटमेंट जातं आणि पाटा पुन्हा बसतो. मेटलर्जीच्या सरांना विचारा.

शेवटी पाट्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींकडून तेवढ्याच पानांचा, तेवढ्याच जाडीचा नवीन सेट, फक्त बाक थोडा जास्त, असा करून घेतला. शॅकल मूळचंच, त्यामुळे पिनियनचा कोन जवळपास जिथल्या तिथे. यू-बोल्ट नवीन, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. चाकं लोंबकळत ठेवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना आणि शॉकॲब्सॉर्बर पुरतात ना, हे पाहिलं. मागचा भाग उचलला की गाडी नाकावर झुकते. व्हीलबेस २३७५ मिमी, म्हणून ४० मिमीला जवळपास एक अंश. तेवढा पुढचा कॅस्टर कमी होतो आणि हेडलाइट खाली बघतात. आमच्या बाबतीत यातला बराचसा भाग नुसतं पूर्ववत होणं होतं. तरी हेडलाइट पुन्हा जुळवले.

आणि कायदा! मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरसीतले तपशील उत्पादकाने दिलेल्या माहितीपेक्षा वेगळे होतील असा बदल चालणार नाही. बसलेले पाटे बदलणं ही दुरुस्ती. त्याच्या वरचं काही करायचं तर आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा, नंतर नाही.

मोठी लिफ्ट वाईटच असं मी म्हणत नाही. स्पर्धेची गाडी असेल, रोल केज असेल, स्टिअरिंगपासून प्रोपेलर शाफ्टपर्यंत सगळं हिशोबाने बदललं असेल, तर पाच इंचही शोभतात. पण जी गाडी सकाळी क्रेट नेते आणि संध्याकाळी आजीला डॉक्टरकडे, तिला फॅशन परवडत नाही. आधी काय घासतंय ते बघा, मग किती घासतंय ते मोजा, आणि तेवढंच उचला. आणि घरून फोन आला, "तू इंजिनिअरिंगचा ना, चालेल का?" असं कुणी विचारलं, तर 'चालेल की' म्हणण्याआधी दहा मिनिटं वही उघडा. घरचे लोक आपल्या 'चालेल'वर विश्वास ठेवून गाडीत बसतात.

गेल्या मे महिन्यात आठ क्रेट भरून जिप्सी पऱ्यातून वर आली. 'खर्रर्र' नाही, 'घूं' नाही. गाडीत चढायला आजी पायाखाली लाकडी पाट घेते. मी विचारलं, "आजी, गाडी उंच झाली का गं?" म्हणाली, "पाटे नवीन घातलेत म्हणे. माझा पाट जुनाच पुरतो."

बघा, पटतंय का!