अर्धा किलो अर्थिंग

साईटवरची चेष्टामस्करी बंद करा, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मी वायरमन आहे. भर मे महिन्यात भिंतीत झिऱ्या मारताना चेष्टा नसेल तर दिवस सरत नाही. आणि खरं सांगायचं तर या लाईनमधलं निम्मं ज्ञान चेष्टेतूनच खाली उतरतं. आयटीआयत दोन वर्षं फेज-न्यूट्रल शिकवतात; पण जुन्या बिल्डिंगीत न्यूट्रलवरच बटण टाकलेलं असू शकतं, म्हणजे बटण बंद करूनही होल्डर चालूच, हे मिस्त्री सांगतो. तेही चार टोमणे मारून.

नव्या पोराला "जा, अर्धा किलो अर्थिंग घेऊन ये" म्हणून पिटाळायचं ही जुनी खोड. दुकानदारही सामील असतो, तो पुढच्या दुकानात पाठवतो. आमच्याकडचं एक पोरगं मात्र तासाभराने कोळसा आणि खडेमीठ घेऊन आलं. अर्थिंगच्या खड्ड्यात हेच तर भरतात! त्याला पुन्हा कुणी पाठवलं नाही.

मला राग आहे तो दुसऱ्या हसण्याचा. पोरगं घोड्यावर चढताना विचारतं, "दादा, सप्लाय बंद केलाय ना?" आणि खालून उत्तर येतं, "एवढी फाटते तर किराणा दुकानात बस जा." सगळे हसतात. पोरगं पुढच्या वेळी विचारत नाही.

तो प्रश्न भित्र्याचा नाहीच मुळी, जाणत्याचा आहे. आजकाल घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन पाडला तरी त्याची लाईन चालू राहते. टेस्टरवर तरी किती भरवसा ठेवणार? त्याचा दिवा आपल्याच अंगातून जाणाऱ्या किंचित करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी घोड्यावर रबरी चप्पल घालून उभं राहिलं तर चालू तारेवरही तो नीट पेटेलच असं नाही. म्हणून आधी चालू प्लगवर टेस्टर तपासायचा, मग तारेला लावायचा. "एमसीबी आहे ना," असं म्हणणारे तर भरपूर. अहो, १६ अँपिअरचा एमसीबी तारेला वाचवतो. माणूस मरायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असते, आणि खर्च कमी करताना मालक आधी तीच खोडतो.

दुसरी चेष्टा कंडेन्सरची. चार्ज करून ठेवायचा आणि "धर रे" म्हणत फेकायचा. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा असला तर चटका बसतो. पंपाचा स्टार्टिंग कंडेन्सर त्याच्या तीस-चाळीस पट मोठा असू शकतो. आणि पोरगं शिडीवर असेल तर चटक्यापेक्षा खाली पडणंच महागात जातं. याला मी चेष्टा म्हणत नाही.

हे मिस्त्रीला सांगायचं कुणी? परमिट एकाच्या नावावर, शिडीवर दुसराच. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. त्यात करार आहे, विद्यावेतन आहे. पण रोजावर हाताखाली लागलेलं पोरगं त्या कायद्याच्या रजिस्टरात नसतंच. त्याला शाळा म्हणजे मिस्त्रीचं तोंड. त्या तोंडातून "विचारलंस ते बरं केलंस" एवढं एकदा निघालं, तर दहा पोस्टरांचं काम होतं. आमच्या टीमपुरतं मी ठरवलंय: सप्लायचं विचारणाऱ्याला जो हसेल, तो स्वतः खाली उतरून मेन बघून येणार. बाकी अर्थिंग आणायला पोरं पाठवा, माझी काही हरकत नाही.

आणि मालकहो, एक तुमच्यासाठी. "लाईट घालवू नका हं, मॅच चालू आहे," असं तुम्ही सोफ्यावरून म्हणता, तेव्हा घोड्यावरचं पोरगं आधी तुमच्याकडे बघतं, मग मिस्त्रीकडे. मिस्त्रीला पुढचं कामही तुमच्याकडूनच हवं असतं. दहा मिनिटं टीव्ही बंद ठेवा. स्कोअर मोबाईलवर दिसतो.