डोंगरवाटेवरचा सातवा सोबती

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आणि तिला लागून असलेल्या सिडकोच्या घरांत राहणाऱ्या तरुणांना डोंगर शोधायला दूर जावे लागत नाही. कारखान्यांच्या पत्र्यांवरून नजर टाकली, की पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर अंजनेरी आहे, त्यापलीकडे हरिहर आहे, आणि इगतपुरीच्या बाजूला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे. सुट्टीच्या पहाटे चार मित्र पाठीवर पिशव्या अडकवून निघतात, हे दृश्य येथे नवे नाही. त्या चौघांबरोबर गळ्यात पट्टा असलेला एखादा कुत्राही आता अधूनमधून दिसू लागला आहे. शिखरावर त्याच्यासह छायाचित्र काढले जाते, आणि संध्याकाळपर्यंत ते शंभर ओळखीच्यांच्या भ्रमणध्वनीवर पोचलेले असते.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. दाराशी साखळीने बांधलेला राखणदार एवढीच ज्याची कालपर्यंत ओळख होती, त्याला घरातल्या माणसांनी सहलीचा सोबती मानावे, ही चांगलीच गोष्ट आहे. कुत्र्यालाही मोकळे रान, नवे वास आणि धन्याची संगत यांहून अधिक काही नको असते. तथापि सहल निराळी आणि उन्हाळ्यातली खडी चढण निराळी. चौघा मित्रांनी गड चढायचा बेत स्वतःच्या मर्जीने केलेला असतो. पाचव्याला कोणी विचारलेले नसते. सारा प्रश्न येथूनच सुरू होतो.

माणूस आणि कुत्रा एकाच वाटेने चालत असले, तरी दोघांची देहयंत्रणा एक नाही. माणसाला सर्वांगावर घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला ही सोय जवळजवळ नाहीच. त्याच्या पंजांच्या तळव्यांना थोडा घाम सुटतो तेवढाच. उरलेली उष्णता त्याला धापा टाकून, जिभेवाटे आणि श्वासावाटे बाहेर काढावी लागते. भोवतालची हवाच तापली, की हा उपायही तोकडा पडतो. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले, म्हणजे उष्माघात जवळ आला आणि जिवाला धोका निर्माण झाला असे समजावे. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींची श्वासनलिकाच अडचणीची. हस्कीसारख्या दाट केसांच्या जाती थंड मुलखासाठी घडलेल्या. अशा कुत्र्यांना चैत्र-वैशाखात डोंगरावर नेणे म्हणजे हौसेपोटी त्यांच्या जिवाशी खेळणे होय.

त्यात नाशिक जिल्ह्याचा भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. पावसाळ्यात हिरवा दिसणारा हाच मुलूख एप्रिल-मे महिन्यांत पार कोरडा पडतो. पूर्वेकडे चांदवड, मनमाड, अंकाई-टंकाईच्या बाजूला सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू होते. तेथे उन्हाळ्यात गवताची काडी पिवळी पडते आणि झाड शोधूनही सावली मिळत नाही. वाळू नाही म्हणून वाळवंट म्हणायचे नाही, एवढेच. पारा चाळिशीच्या आसपास गेला, म्हणजे काळा बसाल्ट हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. त्यावरून माणूस जाड तळव्यांचे बूट घालून जातो, आणि त्याचा सोबती अनवाणी. गडावरची खोदीव टाकी भर उन्हाळ्यात भरलेली असतीलच, याचा भरवसा नसतो. हरिहरच्या जवळजवळ उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिड्या माणसाच्या हातापायांसाठी आहेत. चार पंजांच्या प्राण्याला तेथे उचलूनच न्यावे लागते. उचलणाऱ्याचा एक हात त्यात अडकतो आणि तोल दोघांचाही जाऊ शकतो.

कुत्रा थकला तर थांबेलच की, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धनी चालतो आहे तोवर आपणही चालायचे, हा त्याचा स्वभावधर्म. पाय भाजले तरी तो लंगडत येतो, जीभ बाहेर लोंबली तरी शेपूट हलवतो. ज्या निष्ठेचे आपण कौतुक करतो, तीच त्याचा घात करू शकते. आणि मित्रांच्या घोळक्याचाही एक स्वभाव असतो. शिखर अर्ध्या तासावर आलेले असताना ‘आपण परत फिरू’ असे म्हणण्याचा कमीपणा कोणालाच नको असतो. आलोच आहोत तर जाऊनच येऊ, या एका वाक्याने डोंगरावर माणसांनाही गोत्यात आणलेले आहे. मग ज्याला बोलताच येत नाही, त्याची काय कथा!

अंबडशेजारच्या डोंगराला लोकांनी पांडवांचे नाव दिले आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ती चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंची. सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख त्यांत आहेत, आणि पांडवांशी त्यांचा काहीही संबंध नाही. परंतु त्या नावाने एका कथेची आठवण मात्र अवश्य व्हावी. महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी हस्तिनापूर सोडून निघतात, तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. तो त्या वाटेवरचा सातवा सोबती. हिमालय ओलांडून, वाळूचा समुद्र पाहून ही मंडळी मेरूकडे जातात. एकेक जण वाटेत कोसळतो. युधिष्ठिर पुढे चालत राहतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो, तेव्हा मात्र युधिष्ठिर थांबतो. भावांना आणि पत्नीला सोडलेस, मग या कुत्र्याचा एवढा मोह कशाला, असा इंद्राचा सवाल आहे. युधिष्ठिराचे उत्तर विचार करण्याजोगे आहे: ते मरण पावले होते, त्यांना परत उठवणे माझ्या हाती नव्हते, जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. जो जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर येथवर आला आहे, त्याला सोडून मला स्वर्गही नको.

या कथेचा अर्थ कुत्र्याला शिखरावर घेऊन जावे असा कोणी लावला, तर तो चुकीचा ठरेल. युधिष्ठिराचे मोठेपण कुत्र्याला वर नेण्यात नाही. त्याच्याखातर हाताशी आलेले शिखर सोडायला तो तयार झाला, यात ते आहे. डोंगरावर सोबत नेण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तरही हेच: जो सोबत्यासाठी अर्ध्या वाटेवरून परतायला तयार आहे, त्याला.

कायद्याची भाषा यापेक्षा रुक्ष असली, तरी आशय निराळा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या हिताची काळजी घेण्याचे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकलेले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. शिवाय डोंगर केवळ सहलकऱ्यांचा नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडचा परिसर अभयारण्य आहे, अंजनेरीवर दुर्मिळ वनस्पती आणि गिधाडे आहेत. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यांत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचे विषाणू आढळले होते. पाळीव प्राण्याचे लसीकरण हा केवळ घरचा प्रश्न नाही, हे त्यावरून उमगावे. अभयारण्यात कुत्रा नेण्यापूर्वी वनखात्याला विचारले पाहिजे आणि रानात तो मोकळा सोडता कामा नये. पायथ्याच्या गावातले जे कुत्रे बिस्किटांच्या आशेने मागे येतात, त्यांनाही भुलवून दूरच्या गडावर नेऊ नये. त्यांचे गाव मागे राहते, आणि परतीची वाट दाखवायला कोणी नसते.

करायचे ते फार अवघड नाही. पावसाळा सरल्यानंतरचे गार दिवस निवडावेत, पहाटे निघून ऊन चढण्याआधी उतरावे. आपला तळहात खडकावर काही क्षण टेकवावा. तो आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पाणी त्याच्या वाट्याचे वेगळे न्यावे आणि आपण पिण्याआधी त्याला पाजावे. धाप थांबेनाशी झाली, लाळ घट्ट झाली, चाल अडखळू लागली, तर सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि विनाविलंब पशुवैद्य गाठावा. सर्वांत मुख्य म्हणजे, कोणी परतायचे हे पायथ्याशीच ठरवून निघावे. वर पोचल्यावर ते ठरत नाही.

शिखरावरच्या छायाचित्रात कुत्र्याची जीभ बाहेर असते, आणि पाहणाऱ्याला तो हसतो आहे असे वाटते. तो खरोखरच आनंदात आहे की पाण्यासाठी कासावीस झाला आहे, हे छायाचित्र सांगू शकत नाही. ते ज्याला कळते, त्यानेच त्याला घरातून बाहेर न्यावे.