मागच्या पोर्टाला कुणी वायर लावेल का?

माझी रूममेट इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री ती जर्नल ‘लिहिते’, म्हणजे सीनियरच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवून काढते. वर्गात सगळ्यांचा मॉड्युलेशन इंडेक्स दशांशापर्यंत सेम! मी मास कॉमची. आमचं एएम-एफएमचं ज्ञान ‘एफएमवर आवाज स्वच्छ येतो’ इथेच संपतं, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

पण मागच्या महिन्यात इंटरव्ह्यूमध्ये तिला विचारलं, ‘वेव्हफॉर्म जनरेटर कधी पायथॉनमधून चालवलायस?’ ती गप्प. रूमवर येऊन रडली. कारण ते यंत्र तिच्या लॅबमध्ये आहे. प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलेलं. त्याच्या मागे यूएसबीचं पोर्ट आहे, लॅनचं आहे, आणि चार वर्षांत त्यात कुणी वायर घातलेली तिने पाहिलेली नाही.

या पोर्टातून यंत्राशी बोलायची एक भाषा आहे. एससीपीआय, उच्चारी ‘स्किपी’. १९९० साली आली, म्हणजे आम्ही दोघी जन्मायच्याही आधी. आम्ही अ‍ॅजिलंटच्या ३३२२०ए या मॉडेलचं मॅन्युअल उघडून बसलो आणि खरं सांगते, मलाही कळत गेलं. ‘एएम डेप्थ ८०’ पाठवलं की खोली ८० टक्के. ‘एएम स्टेट ऑन’ म्हटलं की मॉड्युलेशन सुरू. तीच कमांड प्रश्नचिन्ह लावून पाठवली की यंत्र उत्तर देतं, आत्ता खोली किती आहे ते. (पत्रकार म्हणून मला हे फारच आवडलं. आमच्या प्रश्नांना इतकी सरळ उत्तरं मिळत नाहीत.)

त्याचे नियमही आहेत. आधी सगळी सेटिंग्ज द्यायची, ‘ऑन’ शेवटी, नाहीतर प्रत्येक कमांडला लाट बदलत राहते. एका वेळी एकच मॉड्युलेशन, एफएम चालू केलं की एएम बंद. एफएमचं डेव्हिएशन कॅरिअरच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा जास्त मागितलं तर यंत्र ते मुकाट्याने घेत नाही. आकडा स्वतः कमी करतं आणि एररच्या रांगेत नोंद ठेवतं. चूक विचारायचीही कमांड आहे. जर्नल तपासणाऱ्या लाल पेनापेक्षा हे जास्त प्रामाणिक नाही का?

सर म्हणतात, आधी नॉब फिरवून हात बसू दे. पटतं मला ते. डेप्थ १०० च्या वर नेल्यावर ऑसिलोस्कोपवर एन्व्हलपच्या दोन कडा एकमेकींना कशा छेदतात, हे डोळ्यांनी बघायलाच हवं. पण नॉबवर तरी कुठे हात बसतोय? एका टेबलाभोवती सहा जण, फिरवतो एक, बाकीचे फोनवर. खरी भीती डेडस्टॉक रजिस्टरची आहे. यंत्र बिघडलं तर भरपाई कोण देणार? म्हणून कव्हर.

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येकाला वेगळी कॅरिअर आणि वेगळी डेप्थ द्या, दहा ओळींची स्क्रिप्ट लिहायला लावा. फाइलही कॉपी करता येते, मान्य. पण आकडेच वेगळे असतील तर सीनियरची फाइल काय कामाची? पायथॉनची पायव्हिसा लायब्ररी फुकट मिळते आणि यूएसबीची वायर बहुतेक लॅबमध्ये सापडेल.

गेल्या आठवड्यात हिला अर्धा तास परवानगी मिळाली. पहिल्याच कमांडला एरर, उणे ११३. बाईंनी ‘फ्रिक्वेन्सी’चं स्पेलिंग अर्धवट तोडलं होतं. या भाषेत पूर्ण शब्द चालतो, ठरलेलं छोटं रूप चालतं, मधलं काही चालत नाही. पंचविसाव्या मिनिटाला एएम सुरू झालं. तिने मला व्हिडिओ कॉल केला आणि नुसती स्क्रीन दाखवत राहिली.

सोमवारी एफएमचं प्रॅक्टिकल आहे. सीनियरचं जर्नल टेबलावर पडलंय, अजून तिने उघडलेलं नाही.