टोळी निघण्याआधीचा तास

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुढे अशा शस्त्रक्रियांवर नियंत्रण आले, ते हवेच होते. पण या दुखण्याची सुरुवात ऑपरेशन थिएटरात होत नाही. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अंगावरून जास्त जाते, हे सगळे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. कारण दवाखान्यासाठी खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. मग कुणी ‘पिशवी काढून टाका’ म्हटले की तो सल्ला सुटकेसारखा वाटतो.

शाळेतला आपला पाळीविषयीचा तास या दुखण्यापर्यंत पोचायला हवा. तो बहुधा पॅडची पाकिटे वाटून संपतो. अस्मिता योजनेने 2018 साली शाळकरी मुलींना 5 रुपयांत 8 पॅड देऊ केले, ते चांगलेच झाले. पण धारूर, वडवणी, पाटोद्याची आठवीतली मुलगी दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाते, तेव्हा तिथे ना संडास असतो, ना आडोसा. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते. पाळीच्या कापडाची घडी बदलायची तर उसाच्या सरीत बसावे लागते. धुतलेले कापड लाजेने दुसऱ्या कपड्याखाली, कोपीतच वाळत पडते आणि ओलसरच पुन्हा वापरले जाते. ‘कापड उन्हात वाळवा’ एवढे सांगून भागत नाही. कुठे वाळवायचे, हे तिच्या आईला समोर बसवून ठरवावे लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे आज वर्गात बसलेली मुलगी लवकरच कुणाच्या तरी कोयत्याची जोडीदार होऊ शकते. वास येणारा, खाज सुटणारा स्राव औषधाने बरा होतो, हे तिला आजच कळले पाहिजे. मुले झाली म्हणून पिशवी निकामी होत नाही, आणि पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात, हेही. हा भाग लाजून गाळू नका.

आशाताई, आरोग्यसेविका, शिक्षिका या सगळ्यांना आग्रहाची विनंती आहे: यंदाचा तास दसऱ्याआधी घ्या, आयांना बोलावून घ्या. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा निघाल्या की या मुली थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.