पहिल्या चोवीस तासांचे मोल

हिपॅटायटिस ‘बी’ची लस बालपणी घेतली तर तिचे संरक्षण किती काळ पुरते, या प्रश्नाचे उत्तर आता बऱ्याच अंशी हाती आले आहे. अमेरिकेतील अलास्का राज्याच्या मूळ रहिवाशांमध्ये या रोगाचे प्रमाण भयावह होते. तेथे १९८१पासून लस दिलेल्यांपैकी काहींची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. सुमारे निम्म्यांच्या रक्तात प्रतिपिंडे पुरेशी आढळली. उरलेल्यांना एक जादा मात्रा देताच त्यांतील बहुतेकांच्या शरीराने ती महिन्याभरात निर्माण केली. एकूण नव्वद टक्क्यांहून अधिक लोक सुरक्षित ठरले. प्रतिपिंडे ओसरली तरी शरीराची स्मृती शाबूत राहते. शिवाय, संसर्गानंतर रोग प्रकट होण्यास दीड ते सहा महिने लागत असल्याने त्या स्मृतीला जागे होण्यास अवसर मिळतो.

म्हणूनच, लहानपणी सर्व मात्रा घेतलेल्या निरोगी माणसाला पुढे बूस्टरची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. डायलिसिसवरील रुग्णांसारखे अपवाद वेगळे.

तेव्हा खरी चिंता लस संपूर्ण घेतलेल्यांची नाही; ती वेळेवर न मिळालेल्यांची आहे. जन्मतःच आईकडून संसर्ग झालेल्या अर्भकांपैकी सुमारे ९० टक्के बालके दीर्घकालीन रोगी होतात; प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. पुढे यकृताचा सिरोसिस व कर्करोग यांची टांगती तलवार असते. त्यामुळे पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत मिळणे अगत्याचे ठरते.

भारतात ही लस २००२मध्ये प्रायोगिक स्वरूपात व २०११पर्यंत देशभर सरकारी कार्यक्रमात आली. परंतु घरी जन्मलेले मूल, किंवा रात्री अथवा सुटीच्या दिवशी जन्मलेले मूल पहिल्या मात्रेला मुकू शकते. दहा मात्रांची कुपी एका अर्भकासाठी कशी फोडायची, असा संकोचही कर्मचाऱ्यांत दिसून आला आहे. वस्तुतः नियम पाळून साठवलेली उघडी कुपी चार आठवडे वापरता येते. काही मात्रा वाया गेल्या तरी तो तोटा एका यकृतरोग्याच्या उपचारखर्चापुढे नगण्य आहे.

एका दिवसाच्या दक्षतेवर निदान तीन दशकांचे संरक्षण उभे राहते. सार्वजनिक पैशाचा याहून किफायतशीर विनियोग क्वचितच सापडेल. प्रत्येक प्रसूतिगृहात रात्रंदिवस ही लस उपलब्ध ठेवणे, ही शासनाची जबाबदारी आहे. ती मागणी संघटितपणे लावून धरली पाहिजे.