बाहेरचा काटा आधी

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयात व्यक्तिमत्त्व विकास शिबिर झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर पांढरी चादर अंथरून सुऱ्या, काटे, चमचे मांडण्यात आले आणि युरोपीय पद्धतीने भोजन कसे करावे याचे प्रात्यक्षिक सुरू झाले. पाहुण्या मार्गदर्शकांनी विचारले, "यांपैकी आधी कोणता काटा उचलाल?" सारे गप्प. मी उठलो, बाहेरचा काटा उचलला, माशाची सुरी ओळखली, जेवण आटोपल्यावर सुरी-काटा ताटलीत कसा ठेवावा तेही करून दाखवले. पाहुणे म्हणाले, "शाब्बास! घरचे संस्कार लपत नाहीत." टाळ्या झाल्या. मी खाली बसलो. त्या वेळी जे बोलायला हवे होते ते आज लिहीत आहे.

वाचकहो, माझ्या घरी काटा नाही. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जातात. आम्ही कालवणात भाकरी कुस्करून खातो. मी पुण्यात मामाकडे राहतो आणि मामा गेली अकरा वर्षे एका उंची युरोपीय धर्तीच्या रेस्टॉरंटात भांडी घासतो. प्रथम वर्षाच्या दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मीही तिथे हेल्पर होतो. दुपारी चार वाजता आमचे काम सुरू होई. गरम पाण्यात थोडे व्हिनेगर घालून त्यात काटे-चमचे बुडवायचे आणि कोरड्या फडक्याने असे पुसायचे की बोटाचा ठसा राहता कामा नये. रात्रीपर्यंत शेकडो काटे हातांखालून जात. माझे 'संस्कार' ते हे!

त्या दिवसांत मी जवळून पाहिले ते नेहमी येणारे गिऱ्हाईक. दर गुरुवारी एक वयस्क गृहस्थ येत. कोपऱ्यातले टेबल, आधी सूप, मग मासा, शेवटी कस्टर्ड. त्यांनी मेनूकार्ड उघडलेले मी कधी पाहिले नाही. एकदा दोन गुरुवार ते आले नाहीत, तर कॅप्टनने घरी फोन करून चौकशी केली. मामाने त्यांचा चेहरा कधीच पाहिलेला नाही, कारण भांडी घासणाऱ्याने हॉलमध्ये यायचे नसते. पण परत आलेली ताटली पाहून तो म्हणे, "आज गुरुवारचं आजोबा आल्यालं दिसत्यात." माशाची कातडी ते एका कडेला नीट ठेवीत आणि सुरी-काटा शेजारी शेजारी, सरळ.

याउलट एका संध्याकाळी एक तरुण जोडपे आले. लग्नाचा वाढदिवस असावा. मेनूकार्डावर फ्रेंच नावे आणि उजवीकडे किमती. दोघांचे बिल चार हजारांच्या आत क्वचितच होते. त्यांनी बराच वेळ कार्ड चाळले आणि कुजबुजत सर्वांत स्वस्त ते मागवले. मी पाणी ओतत असताना नवऱ्याने हळूच विचारले, "दादा, हे कशानं खायचं?" मी सांगितले. पण त्यांचे अर्धे लक्ष शेवटपर्यंत शेजारच्या टेबलांकडेच होते. ती दोघे मला पुन्हा दिसली नाहीत.

गुरुवारचे आजोबा सुसंस्कृत आणि ते जोडपे गावंढळ, असे म्हणायचे का? माझ्या मते फरक एवढाच की आजोबा दोनशेव्यांदा आले होते आणि ती दोघे पहिल्यांदा. पहिल्या खेपेला ही जागा परीक्षेच्या हॉलसारखी वाटते, विसाव्या खेपेला घराच्या ओसरीसारखी. मधल्या अठरा खेपांचे पैसे कुणाच्या खिशात आहेत, हा प्रश्न संस्काराचा नव्हे. आमच्या पंगतीत उद्या कुणी साहेब बसवा. मीठ पानाच्या वर मध्यभागी का, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे का, हे त्यालाही कळणार नाही. त्याला आपण असंस्कृत म्हणत नाही, पाहुणा म्हणतो.

मुळात काटा ही युरोपचीही जन्मजात रीत नाही. इरॅस्मसने १५३० साली मुलांसाठी शिष्टाचारावर पुस्तक लिहिले, त्यात अन्न बोटांनी उचलायचे आहे, फक्त तीन बोटांनी आणि बेताने! टॉमस कोर्याट नावाचा इंग्रज प्रवासी इटलीत काटा पाहून आला, मायदेशी काट्याने खाऊ लागला, आणि १६११ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून गेला की त्यावरून त्याची थट्टा झाली. ज्या काट्यापायी लंडनात माणसाला हसत होते, तो न येणाऱ्याला आज पुण्यात हसतात. काट्यांची ही रांगही अलीकडची. पदार्थ एकामागून एक आणून वाढण्याची रशियन पद्धत एकोणिसाव्या शतकात युरोपभर रूढ झाली. पहिल्या पदार्थाचा काटा सर्वांत बाहेर, पुढचा त्याच्या आत, इतके साधे गणित आहे. आणि सुरी-काटा शेजारी ठेवणे म्हणजे वाढप्याला खूण, की ताटली उचल. कुलीनता कसली, कामाची सोय आहे.

मात्र रेस्टॉरंटला सरसकट नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये ही रीत सुरू झाली, त्यापूर्वी खाणावळीत ठरल्या वेळी, सर्वांच्या टेबलावर, शिजेल ते खावे लागे. रेस्टॉरंटने स्वतःचे टेबल दिले, निवड दिली, आणि छापील किमती दिल्या. पैसे मोजणारा कोणीही बसू शके. कुणाच्या पंक्तीला कोण बसावे यावर पिढ्यान्पिढ्या भांडलेल्या आपल्या समाजाला याचे मोल कळायला हवे. राज्यशास्त्राच्या तासाला आपण १५ वे कलम शिकलो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात जाण्यास मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. तो दरवाजा १९५० साली उघडला आहे. म्हणूनच काटा कोणता, एवढ्यावरून माणसाचे घराणे ओळखण्याची नवी सवय मला खटकते. जुन्या प्रश्नाचाच तो सभ्य अवतार वाटतो.

आमचे काही प्राध्यापक म्हणतील, मुलाखतीला, नोकरीला हे उपयोगी पडते. मान्य! जरूर शिकवा. तासाभरात येते, सायकल शिकायला याहून जास्त वेळ लागतो आणि गुडघेही फुटतात. पण सायकल येणाऱ्याला आपण संस्कारी म्हणत नाही. आणि शिकवायचे तर पुढल्या शिबिरात, ती ताटली उचलून आत नेल्यावर पुढे काय होते, तेही दाखवावे. आतला माणूस रात्री अकरा वाजता उभ्या उभ्या डाळभात खातो. अकरा वर्षांत मामा त्या हॉलमधल्या खुर्चीवर एकदाही बसलेला नाही. मी पहिल्या पगारातून तिथे जेवायला नेतो म्हणालो, तर उलट माझ्यावरच रागावला.

त्या दिवशी मी खरे का सांगितले नाही? टाळ्या आवडल्या होत्या, दुसरे कारण नाही. कुणाला वाटेल, यात एवढे काय? पण मामाच्या ओल्या, सुरकुतलेल्या हातांकडे पाहिले की मला ती टाळी चोरीची वाटते.

घरी येऊन मामाला सगळे सांगितले. तो खूप हसला. मग म्हणाला, "टाळ्या वाजल्या, बेस झालं. आन् मागनं काटे मोजून घेतलं का रं त्यांनी? आमच्याकडं एक कमी भरला तर पगारातनं कापत्यात."