ट्रंकेतले जुने रुपये घेताना

मराठवाड्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे : गल्लीतील एका मरहूम मास्तरांनी जन्मभर जमवलेली नाणी त्यांच्या घरचे विकायला काढत आहेत. मुलाला छंद आहे. सगळ्या ट्रंकेचे मिळून एकच दाम सांगितले आहे. घ्यावी का?

दाम ऐकून घ्या, पण त्यावर लगेच हो-नाही म्हणू नका. सतरंजीवर ट्रंक रिकामी करा आणि घरच्या माणसांसमोरच नाणी वेगळी लावा. नये पैसे, ॲल्युमिनियमची चिल्लर, पितळी वीस पैसे असा माल संख्येने सर्वांत जास्त निघेल आणि किमतीला जवळपास काहीच नसेल. 'हजारावर नाणी आहेत' हे वाक्य त्याच्याच जोरावर बोलले जाते.

चांदीच्या रुपयांचा हिशेब मात्र नीट करायचा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा सोबत न्या. राणीचा, एडवर्डचा, पंचम जॉर्जचा रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅम भरे, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, सुमारे १०.७ ग्रॅम. झिजलेला थोडा कमी भरेल, पण एखादा दीड-दोन ग्रॅमने कमी भरला तर तो बाजूला ठेवा. १९४० ते १९४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. १९४७ चा वाघछाप रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो. चिकटला नाही म्हणजे चांदीच, असे मात्र समजू नका. पितळ आणि तांबेही चिकटत नाहीत.

मराठवाड्यात चारमिनारचा हाली रुपया हमखास निघतो. वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास, चांदी सुमारे ८२ टक्के. १९४० नंतरच्या काही वर्षांत तीही घटली. त्यावरचे साल हिजरी असते. १३३० वाचून 'सातशे वर्षांपूर्वीचा' म्हणून भाव चढवणारे भेटतात. १३३० हिजरी म्हणजे इसवी १९१२. घरातल्या उर्दू वाचणाऱ्या दादीअम्मांना शेजारी बसवले तर अर्धे काम होते.

चांदीपेक्षा जास्त दाम कशाला द्यायचे? १९११ च्या रुपयाला द्यावे. पंचम जॉर्जच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता, त्याची सोंड इतकी आखूड आली की तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमानांनी हरकत घेतली, बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती नव्याने कोरला गेला. १९३९ चा रुपयाही दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याची नक्कल फार. ही दोन साले दिसली की जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

मोगल नाण्यांबाबत तर आमचे मत आणखी कडक आहे. अकबर, शाहजहान यांच्या नाण्यांवर कलिमा आहे. त्याची बेअदबी होऊ नये म्हणून औरंगजेबाने तो नाण्यांवरून काढला. तेव्हा औरंगजेबाचे नाव आणि कलिमा एकाच नाण्यावर दिसले तर सावध व्हा. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि कडेला सांधा असेल तर नाणे ओतीव, म्हणजे बहुधा नकली. मक्का-मदिनेची चित्रे असलेले पितळी बिल्ले किंवा १८१८ साल घातलेली रामदरबाराची 'कंपनीची नाणी' टांकसाळीतली नव्हेत. श्रद्धेपोटी जपा, पण दाम देऊ नका. माळेसाठी कडी लावलेल्या नाण्याला चांदीचाच भाव. आणि चिंच किंवा राख लावून कोणी चकचकीत करून दिले तर आभार मानू नका. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

आता उलट बाजू. मास्तरांच्या बेगमला यातले काही ठाऊक नसावे. तुमच्या काट्यावर दोन किलो चांदी भरली आणि त्या किरकोळ रक्कम मागत असतील, तर गप्प राहून ट्रंक उचलणे आम्हाला पटत नाही. वजन त्यांच्यासमोर करा, सराफाचा त्या दिवसाचा भाव त्यांना सांगा. दुसरे, विकणारे एकटेच मालक आहेत का हे विचारा. मुले असताना बेगमचा वाटा आठवा. बाकीच्यात मुलांबरोबर सासरी गेलेल्या मुलींचेही नाव आहे. थोरल्याने परस्पर ट्रंक विकली आणि वर्षाने बहिणीने विचारले तर तुम्ही काय दाखवणार?

एखादे नाणे 'शेतात सापडले' असे म्हणाले तर हात लावू नका. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरच्या किमतीचे जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेते, असे फोनवर सांगून आधी फी मागणाऱ्यांपासूनही दूर राहा. बँकेने २०२१ मध्येच असा व्यवहार आपण करत नाही असे जाहीर केले आहे.

सौदा ठरला तर साध्या कागदावर नाण्यांची यादी, एकूण वजन, रक्कम, तारीख आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एक प्रत त्यांच्याकडे, एक ट्रंकेत.